संगणकाच्या कलेत एआयच्या चित्राला विरोध का?

प्रश्न : युरोपातील ‘डेमोसीन’ या संगणककलेच्या चळवळीत एआयने तयार केलेल्या चित्रांवरून बरेच वाद होतात, असे ऐकले. ज्यांची सगळी कलाच संगणकाकडून चित्रे काढून घेण्याची, त्यांनी एआयच्या चित्राला नाके का मुरडावीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘डेमो’ म्हणजे संगणक चालू असतानाच दृश्य आणि संगीत घडवणारा छोटा कार्यक्रम; असे डेमो आणि संगणकावरची चित्रे करून स्पर्धांत मांडणारी मंडळी म्हणजे डेमोसीन. संगणकाचा वापर हा तिथे कधीच आक्षेपाचा विषय नव्हता. काम कोणी केले आणि किती मर्यादेत राहून केले, यावरून मात्र तिथे फार पूर्वीपासून वाद झडत आले आहेत.

‘एलिव्हेटेड’ ही २००९ मधील कृती पाहा. बर्फाळ डोंगररांगांवरून फिरणारे दृश्य आणि त्याचे संगीत, सारे मिळून ४,०९६ बाइटच्या एकाच फाइलीत बसवलेले आहे. आपण वाचत असलेले हे उत्तर साध्या मजकुराच्या फाइलीत साठवले, तरी त्याला याहून अधिक जागा लागेल. त्यातला प्रत्येक डोंगर ज्या गणितातून उभा राहतो, ते कर्त्यांनी स्वतः रचलेले आहे. एआयचे चित्र मात्र भल्यामोठ्या प्रारूपातून (मॉडेलमधून), इतरांच्या असंख्य चित्रांवर झालेल्या प्रशिक्षणातून येते, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

चित्रांच्या स्पर्धेत ही बोच अधिक जाणवते. कमोडोर ६४ या जुन्या संगणकावर एकूण १६च रंग. त्याच्या बहुरंगी पद्धतीत चित्राचे ४ × ८ ठिपक्यांचे चौकोन पडतात आणि एका चौकोनात चारच रंग वापरता येतात, त्यातलाही एक साऱ्या चित्रासाठी सामाईक असतो. गालावरची सावली नेमकी दोन चौकोनांच्या सीमेवर आली, तर चित्रकार डोळा किंचित सरकवतो, केसांची बट खाली ओढतो, एकेक ठिपका बदलून पाहतो. जाणकार प्रेक्षक या निर्णयांना दाद देतात आणि मतेही त्यांवरच देतात. एआयचे चित्र या साच्यात आपोआप रूपांतरित केले, तर कशासाठी तिथे आहेत हे सांगता न येणारे सुटे ठिपके इथे-तिथे राहतात, आणि ते पाहून त्यांचे मन खट्टू होते.

हा वाद नवाही नाही. १९९०च्या दशकात अद्भुतरम्य चित्रांची पुस्तके समोर ठेवून केलेल्या नकला आणि पुढे स्कॅन करून थोडेफार रंगवलेली चित्रे यांवरून अशीच खडाजंगी झाली होती. म्हणूनच अनेक स्पर्धांत अंतिम चित्रासोबत त्याच्या घडणीचे टप्पेही मागितले जातात. एआयच्या बाबतीत काही आयोजक सरळ बंदी घालतात, काही केवळ स्पष्ट उल्लेखाची अट ठेवतात.

माझ्या मते चित्रस्पर्धेत बंदीच योग्य, कारण तिथे हाताचे कसब हाच स्पर्धेचा विषय आहे. ज्यांत चित्र हा अनेक घटकांपैकी एक असतो, अशा मोठ्या डेमोंत प्रामाणिक उल्लेख पुरेसा मानता येईल, तरी त्यावर तिथल्या मंडळींचे एकमत नाही. मात्र एखाद्याने स्वतः लिहिलेले चिमुकले न्यूरल नेटवर्क (एआयच्या मुळाशी असते तशी गणिती रचना) ६४ केबीत, म्हणजे सुमारे ६५ हजार बाइटांत, बसवून त्यातून पडद्यावर चित्र उमटवले, तर ते मला डेमोसीनच्या परंपरेतलेच काम वाटेल.