एआय मिनिटभरात हवामान सांगतं, मग हवामान खातं हवंच कशाला?

हवंच आहे, आणि आमच्या कोकणात तर जास्तच हवंय.

तुमचं म्हणणं असं की गूगलचं एआय दहा दिवसांचा अंदाज मिनिटाच्या आत काढतं, इकडे खातं ऑरेंज अलर्ट देतं आणि दापोलीत लख्ख ऊन पडतं. गूगलच्या या एआयची, म्हणजे ग्राफकास्टची, बातमी खरीच आहे, 2023 ला त्याचा शोधनिबंध आला आणि बऱ्याच बाबतीत त्याने युरोपच्या मॉडेललाही, म्हणजे कॉम्प्युटरवर गणित मांडून अंदाज काढणाऱ्या तिकडच्या यंत्रणेलाही, मागे टाकलं. पण ते शिकलं कशावर? 1979 पासूनच्या जगभरच्या नोंदींवर. त्या आल्या सॅटेलाइट, जहाजं, हवेत सोडलेले फुगे आणि वेधशाळेत रोज आकडे लिहिणारी माणसं यांच्याकडून. आजचा अंदाज काढायलाही त्याला आजच्या नोंदी लागतात, त्या थांबल्या की एआय आंधळं.

दुसरं म्हणजे ते नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच अंदाज देतं, आणि त्याचा एक चौकोन साधारण 28 किलोमीटरचा. एवढ्यात दापोली आणि खेड दोन्ही बसतात, आता इथल्या कुणालाही विचारा दोन्हीकडे सारखा पाऊस पडतो का. मुंबईतला 26 जुलै 2005 आठवा, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर आणि कुलाब्याला 75 च्या आत, मधलं अंतर 25 किलोमीटरच्या आसपास! म्हणून अलर्ट जिल्ह्याला असतो आणि त्यात "तुरळक ठिकाणी" लिहिलेलं असतं, तुमच्या अंगणात ऊन होतं म्हणजे अलर्ट फसला असं होत नाही, तेव्हा वर घाटाला काय चाललं होतं ते पण बघायला हवं ना. पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टिम हे मॉडेल 2025 ला सुरू झालं, त्याचा चौकोन 6 किलोमीटरचा, आपल्याला गरज याचीच आहे.

हर्णै बंदरात मी बघतो, तांडेल (बोटीचा प्रमुख) ओल्या अंगठ्याने विंडी हे हवामानाचं ॲप उघडतो, युरोपचं मॉडेल लावलं की वारा लालभडक, अमेरिकेचं लावलं की सगळं हिरवं, आणि मग ज्याला जायचंच असतं तो हिरवं धरून बसतो. मला याचीच भीती वाटते. बोटीवर सहा-सात खलाशी असतात हो, त्यांच्या घरच्यांना कोण सांगणार कुठलं मॉडेल निवडलं होतं ते. बंदरावर 3 नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाच्या इशाऱ्याची खूण, लागला असेल तर बोट सोडू नये, तो खात्याच्या सूचनेवरूनच लागतो.

निसर्ग वादळाचं पण तेच. 3 जून 2020 ला ते अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, पण इशारा आधीच आला होता म्हणून किनाऱ्यावरची माणसं हलवता आली. नंतर लाईट नाही, टॉवर बंद, फोनमधलं ॲप कुणाच्या कामाला येणार होतं?

बाकी भात झोडायचंय, आंब्याला फवारणी करायचीय तर विंडी खुशाल बघा, फक्त दोन-तीन मॉडेलं लावून बघा आणि त्यांचं आपसात जमत नसेल तर त्या दिवशी फवारणी करू नका.