टोरोंटोत वकिलीच्या ओळखी कशा करायच्या: खानापूरच्या एका भावाला उत्तर

भावा, तुझा प्रश्न वाचला. बेळगाव-खानापूर कोर्टात पाच वर्षं सिव्हिल प्रॅक्टिस झालीय, बायकोला मिसिसॉगात नोकरी लागलीय, पुढच्या वर्षी तूही निघणार, आणि तिथं वकिलीत एक माणूस ओळखीचा नाही, तर आधी सनदेचं बघू का आधी ओळखी करू, असं विचारलायस. मी टिळकवाडीची, आरएल लॉ कॉलेजची, सात वर्षं बेळगावातच प्रॅक्टिस करून २०१५ ला टोरोंटोला आले. सविस्तर लिहिते, कारण मला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं आणि माझं पहिलं दीड वर्ष त्यात उगाच गेलं.

दोन्ही एकदमच चालू कर. सनदेचं थोडक्यात सांगते, ते वाचून कळण्यासारखं आहे. एनसीए म्हणून कमिटी आहे, ती तुझी डिग्री तपासून कुठले पेपर द्यायचे ते ठरवते. कॅनडाची घटना, क्रिमिनल, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, फाउंडेशन्स (कॅनडाच्या कायद्याची मूळ ओळख) आणि प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी (वकिलीची नीतिमत्ता) हे पाच असतातच, वर आणखी लागले तर वेगळे. ओपन बुक असतात. मग लॉ सोसायटी ऑफ ओंटारियो, म्हणजे इथं वकिलांना लायसन्स देणारी संस्था, तिचे बॅरिस्टर आणि सॉलिसिटर असे दोन पेपर. शिवाय आर्टिकलिंग, म्हणजे लायसन्सवाल्या वकिलाच्या हाताखाली काही महिने काम, नाहीतर त्याऐवजी एलपीपी हा कोर्स, त्यात चार महिने ट्रेनिंग आणि चार महिने प्रत्यक्ष ऑफिसात काम. नागरिकत्व लागत नाही. पेपर अभ्यास केला की निघतात, सगळे अडतात ते आर्टिकलिंगला, कारण तिथं कुणीतरी वकिलानं तुला आपल्या ऑफिसात घ्यायला लागतं आणि अनोळखी माणसाला कोण घेणार? ओळखीचं खरं काम तिथं आहे.

आता ओळख म्हणजे काय ते आधी डोक्यातून नीट करून घे. आपल्याकडं ओळख म्हटलं की वशिला डोळ्यासमोर येतो, मामांचा मित्र जज्जसाहेबांना ओळखतो वगैरे. ते इथं चालत नाही आणि खरं सांगायचं तर बेळगावातपण माझं काम त्यानं कधी झालं नाही. माझं कसं झालं ते ऐक. मी ज्युनियर असताना कोर्टातले एक मोठे कन्नड वकील होते, त्यांच्याकडं वाटणीच्या दाव्यात १९५६ च्या आधीचे कागद यायचे, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचे, खरेदीपत्रं, वाटणीपत्रं, सगळं मराठीत आणि जुनी तर मोडीत. त्यांच्या ऑफिसात कुणाला ते वाचता यायचं नाही. मी आजोबांकडून मोडी शिकले होते, तर एकदा कँटीनमध्ये त्यांनी एक कागद पुढं केला, मी चहा थंड होईपर्यंत बसून चतुःसीमा वाचून दाखवली, पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमुकाचं शेत, आणि त्यांनी तिथंच पेन्सिलीनं नकाशा काढला. त्यानंतर दर आठवड्याला हाक यायची. बदल्यात ते माझी कन्नड कैफियत तपासून द्यायचे, कारण माझं कन्नड बोलण्यापुरतं होतं, लिहिताना चुकायचं. पुढं धारवाडच्या हायकोर्ट बेंचला माझी पहिली फाईल गेली ती त्यांच्यामुळंच. मी त्यांच्याकडं काही मागितलं नव्हतं, त्यांनी माझं काम बघितलं होतं.

इथं येऊन हेच मी विसरले. दीड वर्ष काय केलं तर शंभर-दीडशे ऑफिसांना सीव्ही पाठवला, "मला संधी द्या" म्हणून, आणि कुणाचं उत्तर आलं नाही. एका ऑफिसनं व्हॉलंटियर म्हणून घेतलं, तीन महिने फुकट काम केलं, फायली लावल्या, फोन घेतले, आणि शेवटी दोन ओळींचं पत्र मागितलं तर तेही दिलं नाही. ते अजून मनाला लागतं. म्हणून तुला आधीच सांगते, फुकट काम करायचं असेल तर किती आठवडे, काय काम आणि शेवटी पत्र मिळणार का, हे पहिल्याच दिवशी ईमेलवर लिहून घे.

वळण कसं लागलं ते सांगते. ब्रॅम्प्टनच्या कोर्टात मी नुसती जाऊन बसायची, कोर्ट ओपन असतं, कुणीपण मागं बसून ऐकू शकतं, आणि तूही बस, कारण इथला वकील जज्जसमोर कसा बोलतो ते पुस्तकात नाही. तिथं एका वकीलबाईंना कॉरिडॉरमध्ये फोनवर कन्नडमध्ये बोलताना ऐकलं, धारवाडकडचं कन्नड, आपल्या कानाला लगेच कळतं. फोन ठेवल्यावर मी "नमस्कार री" म्हणाले आणि त्या खळखळून हसल्या. हुबळीच्या निघाल्या. त्या वारसा आणि मृत्युपत्राची कामं करायच्या. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, एका क्लायंटच्या वडिलांची कोल्हापूरची कागदपत्रं मराठीत आहेत, काय आहे ते सांगशील का. मी एका पानावर इंग्रजीत सारांश करून दिला, कुठला कागद कुणी कधी केला, कुठली सही नाही, कुठली तारीख जुळत नाही, बस्स. सल्ला एक शब्दाचा दिला नाही, तो माझा अधिकारच नव्हता. त्यांनी ते पान आणखी एका वकिलांना दाखवलं, आणि त्या दुसऱ्यांच्याच ऑफिसात पुढं माझं आर्टिकलिंग झालं.

तर तुझ्याकडं काय आहे ते कागदावर लिहून काढ. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, थोडी कोकणीपण असेल खानापूरकडची. जमिनीचे उतारे वाचता येतात, साक्षी-पुरावा स्वतः नोंदवलायस, उलटतपासणी केलीयस. इथल्या कितीतरी ज्युनियर वकिलांनी एक ट्रायल शेवटपर्यंत चालवलेली नसते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपण सीमाभागातली माणसं, जी भाषा घरात नाही त्या भाषेतल्या ऑफिसात जाऊन काम करून घ्यायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, ती पुण्या-मुंबईच्या पोराला नसते. लाजू नकोस.

लाजण्यावरून आठवलं. आपल्याकडं बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणं वकिलानं जाहिरात करायची नाही, काम मागायचं नाही, २००८ पासून वेबसाईटवर नाव-पत्ता-शिक्षण एवढी मुभा. त्यामुळं लिंक्डइनवर स्वतःबद्दल लिहायला हात धजत नाही. इथं खरं असेल आणि दिशाभूल नसेल तर चालतं. पण एक मोठा धोका आहे, लायसन्स मिळेपर्यंत कार्डावर किंवा प्रोफाईलवर नुसतं लॉयर लिहायचं नाही. भारतात सनद आहे, ओंटारियोत लायसन्सची प्रक्रिया चालू आहे, असं स्पष्ट लिही. पॅरालीगलपण लिहू नकोस, तो इथं २००७ पासून वेगळा लायसन्सवाला धंदा आहे. लॉ क्लार्क, म्हणजे वकिलाच्या ऑफिसातला मदतनीस, म्हणून नोकरी करता येते आणि ती जरूर कर, पगारही मिळतो आणि माणसंही.

भेटायला कुणाला लिहायचं? ओंटारियो बार असोसिएशन, साउथ एशियन बार असोसिएशन ऑफ टोरोंटो, तुझ्यासाठी पील लॉ असोसिएशन जवळची. मोठ्या समारंभात शंभर जणांना हात मिळवण्यापेक्षा असोसिएशनच्या एकाच विषयाच्या सेक्शनच्या बैठकीला दर वेळी जा, सहाव्यांदा तोच चेहरा दिसला की लोकच विचारतात काय करतोस म्हणून. ईमेल चार ओळींचं, मी कोण, तुमचं अमुक काम किंवा अमुक निकाल वाचला, कॅनलीआय या वेबसाईटवर निकाल फुकट वाचता येतात, त्यात मला हा एक प्रश्न पडला, वीस मिनिटं द्याल का. नोकरी मागायची नाही पहिल्या भेटीत. सीव्ही जोडायचा नाही.

आणि डायरी ठेव. तुझी कोर्टाची डायरी असतेच की, तशीच. मी अजून दरवर्षी बेळगावहून वकिलांची डायरी मागवते. भेटलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, काय बोलणं झालं, आणि पुढची तारीख. पुढची तारीख म्हणजे दोन-अडीच महिन्यांनी परत एक ओळ लिहायची, तुम्ही सांगितलेला निकाल वाचला, त्याचं असं झालं. आपल्याला तारखेची सवय आहे, इथं नव्वद टक्के माणसं एकदा कॉफी पिऊन विसरतात, असं मला वाटतं.

महाराष्ट्र मंडळात जा, गणपतीला जा, आणि कन्नड संघातपण जा. एक सांगते, मंडळात बेळगाव म्हटलं की पहिला प्रश्न सीमावादाचाच येतो, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, त्याचं काय झालं. बोल त्यावर, मनापासून बोल, पण कन्नड संघाचं दार त्यासाठी बंद करू नकोस, मला पहिला हात कन्नड बोलणाऱ्या त्या हुबळीच्या बाईंनीच दिला. मंडळात लोक व्हिसा, घटस्फोट, गावचा फ्लॅट असलं सगळं विचारतील. लायसन्स मिळेपर्यंत हात जोडून नाही म्हण आणि लायसन्सवाल्याचं नाव दे. नाव दिल्याबद्दल पैसे घेऊ नकोस, तसे ते घेता येत नाहीत.

बेळगावची माणसं मात्र तोडू नकोस, हे मी सगळ्यात जास्त कळकळीनं सांगते. इथल्या आपल्या लोकांची शेतं, घरं तिकडं आहेत, त्यांना जीपीए, म्हणजे तिथल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र, करायला लागतं. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून ॲपोस्टिलच्या, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात मानला जाण्यासाठीच्या सरकारी दाखल्याच्या, करारात आलाय, त्यामुळं आता कागद नोटरी करून ओंटारियो सरकारचं ॲपोस्टिल घेतात, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची असते. हे तीन महिने चुकवून लोक अडकतात. त्यांना तिथला भरवशाचा वकील लागतो आणि तो तुला माहीत असतो. निघायच्या आधी तुझ्या सिनियरना, बारमधल्या दोस्तांना भेटून कोण काय काम करतं ते लिहून घे.

आणि आता लगेच करायचं ते म्हणजे युनिव्हर्सिटीची मार्कशीट आणि बार कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं, म्हणजे तुझी सनद नीट चालू असल्याचं, पत्र, हे दोन्ही त्यांच्याकडूनच थेट एनसीएला जायला लागतं, तू स्वतः पाठवलेलं चालत नाही. हुबळीला आणि बेंगळुरूला जायला लागलं तर आत्ताच जा, इथून फोनवर ते काम होत नाही, मी आठ महिने तेच करत बसले होते. पहिल्या ईमेलचा मसुदा झाला की मला पाठव, मी तपासून देते.