मिठाच्या खड्यातून वीज का जात नाही, आणि तो एका फटक्यात का फुटतो?

तुमचे दोन प्रश्न आहेत. मिठात धन आणि ऋण आयन (म्हणजे विद्युत प्रभार असलेले अणू) असतातच, तर घन मिठातून वीज का जात नाही? आणि त्यांना धरून ठेवणारा आयनिक बंध इतका बळकट, तर खडा हातोडीच्या एका फटक्यात कसा फुटतो? दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण म्हणजेच आयनिक बंध. ती आधी बाजूला ठेवा.

हिशोब मांडून बघा. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. वायुरूप सोडियमच्या एक मोल (म्हणजे एका ठरावीक मोठ्या संख्येइतक्या) अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. ते इलेक्ट्रॉन घेताना क्लोरीनच्या अणूंकडून साधारण ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटाच! ‘अष्टक पूर्ण झालं’, म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले, एवढं म्हणून हा तोटा भरून निघत नाही. तो भरून निघतो आयन एकत्र येऊन स्फटिक तयार होताना. त्या वेळी सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. हीच जालक ऊर्जा (जालक म्हणजे स्फटिकातली आयनांची नियमित मांडणी), आणि खरा बंध तो हा: विरुद्ध प्रभारांचं आकर्षण, तेही सगळ्या दिशांनी. प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड लागून असतात, प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. त्यामुळे घन मिठात सुटा रेणू शोधूच नका. NaCl हे सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगतं.

आता वीज. घन मिठात आयन आपापल्या जागी जखडलेले असतात आणि इलेक्ट्रॉन त्या-त्या आयनाशी बांधलेले. वाहून न्यायला मोकळं कोणीच नाही. ८०१ अंश सेल्सिअसला मीठ वितळलं की आयन सुटतात आणि वीज वाहते. इथे प्रभार आयन वाहून नेतात, म्हणूनच वितळलेल्या मिठात वीज सोडली की ऋणाग्रावर सोडियम आणि धनाग्रावर क्लोरीन मिळतो. तांब्याच्या तारेत असा रासायनिक बदल होत नाही.

फुटण्याचं कारण मला सगळ्यांत सुंदर वाटतं. फटक्याने आयनांचा एक थर शेजारच्या थरावरून जेमतेम एका आयनाइतका सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं. क्षणापूर्वी ओढून धरणारे थर एकमेकांना ढकलतात आणि खडा सपाट पृष्ठावर दुभंगतो. भिंगाखाली तुकडे पाहा, कडा काटकोनात दिसतील. धातूचे थर सरकले तरी मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे आकर्षण टिकतं, म्हणून धातू ठोकून पत्रा होतो.

द्रवणांकाचंही असंच: आयनांमधली ओढ जितकी जास्त, तितकं वितळणं कठीण. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये प्रभार मिठाच्या दुप्पट आणि आयनांमधलं अंतर कमी, म्हणून ते वितळायला जवळजवळ २८५० अंश लागतात.

‘आयनिक संयुगं पाण्यात विरघळतात’ हे मात्र सरसकट लिहू नका. बेरियम सल्फेट जवळपास विरघळत नाही, कारण तिथे पाण्याच्या रेणूंचं आकर्षण जालकाला पुरं पडत नाही. आणि धातू अधिक अधातू म्हणजे आयनिकच, असंही नाही. निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड १८० अंशांच्या आसपासच घनातून थेट वायू होतं. तीन धन प्रभारांचा छोटा ॲल्युमिनियम आयन क्लोराइडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके ओढतो की बंध बराचसा सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, होतो.