गिटारचं पिक पातळ की जाड?

प्रश्न: माझं वय ४६. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची गिटार घरी पडून होती, म्हणून वर्षभरापूर्वी मीच हातात घेतली. कॉर्ड धरून गाण्याला साथ बरी जमते. पण चाल एकेका तारेवर वाजवायला गेले की आवाज मिळमिळीत येतो, पिक (तार छेडायची छोटी चपटी पट्टी) तारेत अडकतं. दुकानदाराने ‘नवशिक्यांना पातळच बरं’ म्हणून ०.४६ मिमीचं दिलं होतं. जाड घेतलं तर स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून पिक फिरवत साथ देणं, बिघडेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, दुकानदाराचं फारसं चुकलं नाही, त्याने तुम्हाला साथीपुरतं पिक दिलं. ०.४६चं पिक तारांवरून जाताना स्वतःच वाकतं. हात जरा जड पडला तरी ते सांभाळून घेतं. चाल वाजवताना मात्र हेच वाकणं नडतं. तार सुटायच्या आधी पिक मागे मुडपतं आणि ते सरळ होईपर्यंत पुढच्या स्वराची वेळ झालेली असते. वर प्लास्टिकची टिकटिक ऐकू येते ती वेगळीच.

लगेच बाजारात धावू नका. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. चिप आणि उठावाचे आकडे सोडून उरलेल्या भागावर तुमचं पिक ठेवून पेनाने आखा, कात्रीने कापा आणि नखं घासायच्या कानशीने कडा गुळगुळीत करा. कार्डाची जाडी असते ०.७६ मिमी, म्हणजे दुकानातल्या ०.७३च्या मीडियम पिकाच्या अगदी जवळ. (मी कित्येक महिने असल्याच पिकावर काढले. आई कार्डं लपवून ठेवायची.)

आता धरायचं कसं? तर्जनीच्या कडेवर पिक, वरून अंगठा, आणि टोक तांदळाच्या दाण्याएवढंच बाहेर. तारेला सपाट भिडवू नका, किंचित तिरकं धरा. तुमचं अडकणं निम्मं तिथेच जाईल.

स्ट्रमिंगचं म्हणाल, तर ते जाडीपेक्षा मुठीने जास्त बिघडतं. मी पहिल्यांदा १.१४चं पिक घेतलं, तेव्हा एका लग्नाच्या संगीतात पहिल्या कडव्यातच बारीक तार तोडली. पिक निर्दोष होतं, मी ते चिमट्यासारखं आवळलं होतं. साथीला पकड सैल सोडा, टोक थोडं जास्त बाहेर काढा. चालीला पुन्हा आखूड.

न वाकणाऱ्या गोष्टीने वाजवणारे कमी नाहीत. सरोदच्या तारा छेडायचा जवा नारळाच्या करवंटीचाही असतो. ‘क्वीन’ या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे तर इलेक्ट्रिक गिटारवर सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतात. तुम्हाला एवढ्यात तिथवर जायची गरज नाही.

कार्डाचं टोक झिजून बोथट झालं की दुकानात जा. ०.७३ आणि ०.८८ अशी दोन पिकं मागा, दोन्ही एकाच मटेरियलची. त्याच जाडीचं नायलॉन सेल्युलॉइड या दुसऱ्या प्लास्टिकपेक्षा जास्त वाकतं, त्यामुळे मिसळलीत तर फरक जाडीचा की मटेरियलचा ते कळणार नाही. आणि घाम येत असेल तर चकचकीत नको, खरखरीत पृष्ठभागाचं घ्या.