'कै. श्रीराम लागू' लिहावं का? आणि ते 'सामना'त आहेत की होते?

प्रश्न असा आलाय. मंडळात जुन्या मराठी चित्रपटांचा कार्यक्रम आहे. फलकावर 'कै. डॉ. श्रीराम लागू, कै. निळू फुले' असं लिहिलं, तर एका सभासदाने हरकत घेतली. दुसऱ्याने 'स्व.' सुचवलं, तिसऱ्याने 'दिवंगत'. निवेदिकेची अडचण निराळीच: "'सामना'मध्ये लागू मास्तर आहेत" म्हणायचं की "होते"?

हरकत घेणारे गृहस्थ मला आवडले. कै. म्हणजे कैलासवासी. डॉक्टर लागू उघड नास्तिक. देवाला आता निवृत्त करा, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं. आणि १७ डिसेंबर २०१९ ला ते गेल्यावर आपण त्यांना थेट शंकराच्या शेजारी बिऱ्हाड करून द्यायचं! सवयीने लिहिणाऱ्याच्या मनात कैलास नसतो, हे खरं. पण निवेदिका फलक मोठ्याने वाचेल तेव्हा 'कै.'चं 'कैलासवासी' होणार आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसणार. वारकरी घरात 'वै.' म्हणजे वैकुंठवासी लिहितात, ख्रिस्ती माणसाला ख्रिस्तवासी, मुसलमानाला पैगंबरवासी. म्हणजे हे उपपद लावताना माणसाचा धर्म आणि पुढचा पत्ता दोन्ही आपणच ठरवतो.

बायकांच्या बाबतीत तर आणखी गुंता होता. नवऱ्याच्या आधी गेलेली 'कै. सौ.'. या हिशेबाने सीमा देव यांचं काय करायचं? रमेश देव २०२२ मध्ये गेले, त्या २०२३ मध्ये. 'सौ.' बसत नाही, आणि विधवेसाठीचं 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी, लिहायला आता कुणाचा हात धजेल?

'स्वर्गीय' हा शब्द मराठीत सुरांसाठी राखलेला बरा. आमच्याकडे तो बासुंदीलाही लागतो. माणसामागे तो लावणं मला हिंदी वळणाचं वाटतं. 'दिवंगत' फोडून पाहिलं तर तेही स्वर्गातच नेतं: दिवम् म्हणजे स्वर्गाला, गत म्हणजे गेलेला. पण ही फोड आता कुणाच्या कानाला जाणवत नाही, 'गेलेला' एवढाच अर्थ उरलाय. म्हणून तिघांत मी दिवंगत निवडेन. मात्र ते बातमीत शोभतं. चित्रपटाच्या फलकावर तेही कशाला? निळू फुले २००९ मध्ये गेले हे प्रेक्षकांना ठाऊक आहे, आणि ते आलेत ते 'सामना'तल्या हिंदूराव धोंडे पाटलांना बघायला. शिवाय या उपपदांना सलगी सोसत नाही. 'कै. लक्ष्मीकांत बेर्डे' चालून जाईल, 'कै. लक्ष्या' जरा म्हणून बघा.

आता निवेदिकेचा प्रश्न. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. आपल्याला वाटतं, माणूस गेला की 'आहे'चं 'होता' होतं. बोलताना आपण तसं करत नाही. "'बनवाबनवी'त लक्ष्या आहे ना?" असंच विचारतो, तो २००४ मध्ये गेला तरी. पण "'टूरटूर'मध्ये लक्ष्या होता" म्हणतो, आणि तो हयात असतानाही 'होता'च म्हणायचो. कारण ते नाटक. प्रयोग संपला की हातात काही उरत नाही. म्हणजे 'आहे' की 'होता' हे नटाच्या मरणावर ठरत नाही, तो कुठे काम करत होता त्यावर ठरतं.

क्रियापदाचं दुसरं रूपही तपासा. "निळूभाऊ सखाराम बाइंडर करायचे." "विजय चव्हाण 'मोरूची मावशी'तली मावशी करायचे." हे 'करायचे' नाटकालाच शोभतं, कारण तीच भूमिका पुन्हापुन्हा, आज या गावी तर उद्या त्या गावी. "लागू 'सामना'तला मास्तर करायचे" म्हटलं की कान टवकारतात. तो त्यांनी केला, एकदाच. 'नटसम्राट' नाटकातले बेलवलकर मात्र ते करायचे. स्मिता पाटील दूरदर्शनवर बातम्या वाचायची, तिथेही '-यची' बरोबर बसतं, कारण ते रोजचं काम. 'उंबरठा'त ती सुलभा आहे. 'मिर्च मसाला' पडद्यावर आला १९८७ मध्ये, ती गेली त्याच्या आधीच्या डिसेंबरात, अवघी ३१ वर्षांची. पहिल्या खेळाला बसलेल्यांनाही ते माहीत होतं. तरी बाहेर पडताना "काय काम केलंय तिने!" असंच निघालं असणार, "केलं होतं" नव्हे.

'काळाच्या पडद्याआड' मात्र निवेदनात नको. ज्याला पडद्यावर बघायला लोक जमलेत, त्याला त्याच संध्याकाळी पडद्याआड कशाला ढकलायचं? 'एक्झिट घेतली'ही नको. नाटकात एक्झिट लेखक ठरवतो, नट ती स्वतःहून घेत नाही.

तेव्हा फलकावर नुसती नावं, पूर्ण आणि सुवाच्य. 'डॉ.' ठेवा, ते कान-नाक-घशाचे खरेखुरे डॉक्टर होते. (पाहा, इथे 'होते'च आलं.) निवेदनात बेधडक वर्तमानकाळ: लागू मास्तर आहेत, निळूभाऊ हिंदूराव आहेत, आणि मारुती कांबळेचं काय झालं हे मास्तर विचारतात. परिचयपत्रिकेत कुठे 'दिवंगत' ठेवणार असाल तर छापायला देण्याआधी एकदा वाचून घ्या. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात ते दोन ठिकाणी 'दिवगंत' झालंय.