गाडीच्या अलॉय चाकांना रंग कोणता घ्यावा?
रोज कात्रज ते हिंजवडी करणार असाल तर ग्लॉस (चकचकीत) काळा टाळा. ब्रेकची धूळ आणि फडक्याचे ओरखडे त्यावर लगेच दिसतात. सॅटिन गनमेटल (अर्धवट चमकीचा गडद राखाडी) बरा, मळ लपवतो. मॅट (बिनचमकीचा) झकास दिसतो, पण त्यावर पॉलिश चालत नाही.

स्प्रेपेक्षा पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड मारून भट्टीत भाजायची) टिकाऊ. भोसरीतल्या वर्कशॉपला काम देताना एवढं बजावाच: ओतीव अलॉय पावडर मारण्याआधी भट्टीत तापवून घ्यायचे, नाहीतर आत अडकलेली हवा बाहेर पडताना रंगाला बारीक छिद्रं पडतात. चाकाची हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी बाजू आणि नटांच्या बैठका झाकायच्या. तिथे जाड थर बसला की तो दबतो आणि नट ढिले होतात (हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही). चाकं बसवल्यावर 80-100 किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) नट पुन्हा तपासा.