दोन दिवस तर कसारा घाटातच जातात

दिवाळी जवळ आली की टपालात परदेशवारीबद्दल विचारणाऱ्या पत्रांचा ढीग असतो. मागच्या महिन्यात तुम्हाला म्हटलं होतं, की फिरण्याचे प्रश्न पाठवा, तर एवढे आले की निम्मेसुद्धा घेता येणार नाहीत. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच, सुट्टी पाच-सहा दिवसांची आणि यादी तीन देशांची. आणि आपण खान्देशातले आहोत, विमान काय आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरून सुटत नाही, हे कुणीच हिशोबात धरत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको दोघंही अमळनेरला शिक्षक. दिवाळीत सहा दिवस निघतात. एका एजंटनं थायलंड-मलेशिया-सिंगापूर असं '५ रात्री ६ दिवस' पॅकेज दाखवलंय, मुलगी सातवीत आहे, ती तर नाचायलाच लागली. घ्यायचं का?

उत्तर : नका घेऊ. मुलगी रुसेल दोन दिवस, पण ऐका.

आधी घरापासून मोजा. बँकॉकचं विमान समजा रात्री साडेबाराचं आहे. तीन तास आधी एअरपोर्टला पोचायचं म्हणजे साडेनऊ, त्याआधी धुळे, नाशिक, कसारा घाट, भिवंडीचा ट्रॅफिक, म्हणजे तुम्ही अमळनेरहून सकाळी अकरा-बाराला निघालंच पाहिजे. तो दिवस गेला. विमान चार-साडेचार तासांचं, त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास पुढं, उतरता तेव्हा तिथं सकाळचे सहा-साडेसहा वाजलेले असतात आणि हॉटेलवाला म्हणतो रूम दोन वाजता मिळेल. रात्रभर न झोपलेली मुलगी लॉबीतल्या सोफ्यावर बॅगेवर डोकं ठेवून पडलीय, हा तुमच्या ट्रिपचा पहिला दिवस. परतीचा दिवस असाच जातो, तो वेगळा.

आता उरलेल्या चार दिवसांत तीन देश. बँकॉक ते क्वालालंपूर विमान दोन-सव्वादोन तासांचंच आहे हो, पण एका हॉटेलातून निघाल्यापासून दुसऱ्या हॉटेलात बॅग टेकवेपर्यंत सात-आठ तास जातात, आणि असं दोनदा. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, त्याचा खर्च आणि कागदं तिघांची वेगळी. शेवटी तुम्ही पाहिलं काय तर तीन एअरपोर्ट.

त्यापेक्षा चार रात्री बँकॉकमध्येच राहा, हॉटेल मेट्रो स्टेशनजवळ घ्या. वाट फो नावाच्या देवळातला झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, त्याच्या तळपायावर शिंपल्याच्या नक्षीत १०८ शुभचिन्हं आहेत आणि मागच्या बाजूला भिंतीशी १०८ काशाची भांडी ओळीनं मांडलीत, नाण्यांची वाटी घेऊन प्रत्येकात एकेक टाकत जायचं, सगळ्या हॉलभर टण टण टण आवाज चालू असतो. मुलीला हे सोन्याच्या राजवाड्यापेक्षा जास्त लक्षात राहील. एक दिवस अयुथ्थया करा, साधारण ८० किलोमीटर, रेल्वेनंही जाता येतं. १३५० ते १७६७ सयामची राजधानी, मग बर्मी सैन्यानं जाळली, आणि नाव आलंय आपल्या अयोध्येवरून, तुम्ही दोघं शिक्षक, तुम्हाला तिथं वेळ कमीच पडेल बघा. देवळात आणि राजवाड्यात खांदे-गुडघे झाकलेले कपडे लागतात, सलवार-कुर्ता एकदम बेस्ट. दिवाळीच्या सुमारास बँकॉकचा पाऊस ओसरत आलेला असतो. समुद्र हवाच असेल तर क्राबीकडं जा, कोह समुई बेट त्या दिवसांत नको, तिकडं पावसाचा नेमका तेव्हाच जोर असतो.

थायलंडनं २०२३ च्या नोव्हेंबरपासून आपल्याला व्हिसा माफ केला, मलेशियानं त्याच वर्षी डिसेंबरपासून. पण असल्या सवलती बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्यांच्या एम्बसीच्या साइटवर स्वतः बघायचं, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नाही. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, ते फुकट आहे, कुणी त्याचे पैसे मागितले तर तुम्ही चुकीच्या साइटवर आहात.

आणि तारीख नीट वाचा! माझ्या मामेभावाचं तिकीट २६ तारखेचं, रात्री १२:४० चं. हा पठ्ठ्या २६ ला दुपारी जेवून आरामात निघाला, घाट उतरताना बायकोनं तिकीट उघडलं तेव्हा कळलं की विमान आदल्या रात्रीच गेलं. पुढचे तीन तास गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही म्हणे.

प्रश्न : रेल्वेतून रिटायर झालो, भुसावळला राहतो. वय ६७, पत्नी ६३, तिचे गुडघे दुखतात. दोघांचाही पासपोर्ट नाही. एकदा 'परदेश' बघायचा आहे, जास्त धावपळ नको.

उत्तर : काका, मग नेपाळ. तुमच्यासारख्यांकडं वेळ असतो आणि रिटायरमेंटचा पास असतो, या दोन गोष्टी बाकी कुणाकडं नाहीत. भुसावळहून कुशीनगर किंवा काशी एक्सप्रेसनं गोरखपूर, एक दिवस-रात्रीचा प्रवास, तो तुम्हाला मी काय सांगायचा. गोरखपूरहून गाडी करून सोनौली बॉर्डर, पलीकडं गेलं की लुंबिनी जवळच, बुद्धाचा जन्म झाला ती जागा, अशोकाचा स्तंभ आहे, सगळा सपाट बगीचा, गुडघ्यांना त्रास नाही. पोखऱ्याचा रस्ता घाटाचा आणि हाडं खिळखिळी करणारा आहे, तो मात्र काकूंसाठी नको. काठमांडूला जायचंच तर बॉर्डरजवळच्या भैरहवाहून विमान आहे.

पासपोर्ट नसला तरी चालतं, मतदार ओळखपत्र न्या, झेरॉक्स नाही, ओरिजिनल. आधार कार्ड नेपाळसाठी फक्त १५ च्या आतल्या आणि ६५ च्या वरच्यांना चालतं, म्हणजे तुम्हाला चालेल आणि काकूंना नाही, एका घरात दोन नियम. हीच गंमत बॉर्डरवर कळू नये म्हणून आत्ताच सांगितलं. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन्ही पिशव्यांत वाटून ठेवा. आणि प्रवासाचा विमा काढताना असलेले आजार लपवू नका, क्लेम तिथंच अडतो.

प्रश्न : आमचा ग्रुप आहे जळगावचा, आठ जणी. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते तेव्हा दुबई करायची म्हणतोय. तिकडं सोनं स्वस्त मिळतं तर प्रत्येकी किती आणता येईल? आणि खाण्याचं काय, सोबत नेलं तर चालतं ना?

उत्तर : सोन्याच्या गावच्या बायका सोनं घ्यायला दुबईला निघाल्या, मला तर हसूच आलं. माफ करा. तर, ड्यूटी न भरता दागिने आणायची जी सवलत आहे ना, बायकांना ४० ग्रॅम आणि पुरुषांना २०, ती परदेशात एक वर्षाहून जास्त राहून परत येणाऱ्यांना आहे. पाच दिवस फिरून आलेल्यांना नाही. म्हणजे घेतलं तर एअरपोर्टवर कस्टमच्या रेड चॅनलला जायचं, सांगायचं, ड्यूटी भरायची. ती धरली की, शिवाय घडणावळ, मग आपल्या सराफ बाजारातल्या भावात आणि त्यात असा काय मोठा फरक राहतो ते कागदावर मांडून बघा. उलटंही आहे, इथून अंगावर भरपूर घालून गेलात तर येताना ते तिकडचंच आहे असं वाटू शकतं, म्हणून जाताना एअरपोर्टवर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं असतं. आठ जणींचं करत बसाल तर विमान जाईल. मंगळसूत्र घाला, पोत-पाटल्या लॉकरमध्ये.

मे महिन्याबद्दल एवढंच की जळगावचा उन्हाळा सोडून दुबईच्या उन्हाळ्यात जायला पैसे कशाला भरायचे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा.

खाण्याचं. बिबड्या, केळीचे वेफर्स, खाकरे, दशम्या न्या बिनधास्त. पण घरचा काळा मसाला नेताना थांबा, त्यात खसखस असते आणि युएईत, म्हणजे दुबईच्या देशात, खसखस बंद आहे, सिंगापूरलाही. तिथं ती अमली पदार्थांच्या खात्यात मोडते, 'अहो आमच्याकडं रश्शात घालतात' हे तिथल्या अधिकाऱ्याला पटवत बसायची वेळ नको. खोबऱ्याच्या वाट्या तर विमानातच नेऊ देत नाहीत, त्यातल्या तेलानं पेट घेतात म्हणून. ठेचा-लोणचं मोठ्या बॅगेत, घट्ट पॅक करून. माझ्या पहिल्या ट्रिपला आईनं दिलेली हिरव्या ठेच्याची बाटली मी हातातल्या बॅगेत ठेवली होती. सिक्युरिटीतल्या मुलीनं झाकण उघडून वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि बाटली गेली डब्यात. पॉवर बँकचं बरोबर उलटं, तो हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत चालत नाही.

कुणी झोपेच्या, खोकल्याच्या किंवा जास्त पॉवरच्या दुखण्याच्या गोळ्या घेत असेल तर त्या औषधांना युएईत परवानगी आहे का ते आधी बघा, डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी.

प्रश्न : आम्ही रावेरकडचे चार मित्र, केळीवाले. जानेवारीत कटाई झाली की पाच-सहा दिवस व्हिएतनाम करायचं आहे. दोघं माळकरी आहेत. इंग्रजी जेमतेम. 'भाषा येत नही, कसं व्हई' असं घरचे विचारतात. पैसे कसे न्यायचे, फोन पे चालतं का?

उत्तर : सगळं व्हई भाऊ, घाबरू नका. व्हिसा ऑनलाइन, एका वेळच्या प्रवेशाचा २५ डॉलर, पण सरकारी साइटवरूनच काढा, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइटी दुप्पट पैसे घेतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं, एक अक्षर इकडं-तिकडं नको.

माळकऱ्यांसाठी एक शब्द पाठ करा, 'चाय'. तिथं चाय म्हणजे चहा नाही, शाकाहारी. बौद्ध लोक पौर्णिमा-अमावस्येला तसं जेवतात, त्यामुळं पाटीवर तो शब्द दिसला की बिनधास्त आत शिरा. नुसतं 'व्हेज' म्हणाल तर भाजीवर माशाचा सॉस पडून येईल, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. कांदा-लसूण नको असेल तर फोनवर वाक्य भाषांतर करून दाखवा.

पैशांचं नीट समजून घ्या. युपीआय नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, युएई, सिंगापूर इथं ठरावीक दुकानांत चालतं, व्हिएतनामला त्याच्या भरवशावर निघू नका. थोडे डॉलर, कोऱ्या न दुमडलेल्या नोटा, आणि आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं एक फॉरेक्स कार्ड, बस. एका ट्रिपला ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येतात, तुम्हाला एवढे लागणारच नाहीत. कार्ड मशीननं 'रुपयात की डाँगमध्ये' विचारलं तर डाँगच दाबा, रुपये दाबले की भाव तो दुकानदाराच्या बाजूचा लागतो. आपल्या एका रुपयाला तिकडचे जवळपास तीनशे डाँग येतात, मग शून्यं एवढी की डोकं गरगरतं, आणि २०,००० ची नोट निळी, ५,००,००० ची पण निळीच. रात्री टॅक्सीत घाईनं देताना पंचवीसपट जातात. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, केळीच्या पट्टीचे पैसे मोजता तसे मोजून द्या, लाजायचं नाही.

जानेवारीत हनोईला थंडी असते, स्वेटर न्या, हालाँग बेवर बोटीत वारा झोंबतो. पाच दिवसांत हनोई आणि हालाँग एवढंच करा, खाली सायगावला पळू नका. तारखा ठरवताना त्यांचं नवीन वर्ष, 'तेत', कधी आहे ते बघा, जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत येतं, त्या आठवड्यात अर्धी दुकानं बंद आणि गाड्या फुल.

प्रश्न : नंदुरबारहून मुंबई गाठण्यापेक्षा दुसरा काही मार्ग?

उत्तर : सुरत. ताप्ती लाइननं तीन-साडेतीन तासांत पोचता, आणि सुरतहून शारजा, दुबई, बँकॉक अशी थेट विमानं सुरू झालेली आहेत. रोज असतीलच असं नाही, म्हणून आधी विमानाचा वार बघा मग रजा टाका. तिकीट मुंबईपेक्षा हजार-दोन हजारांनी जास्त दिसलं तरी गाडीभाडं आणि एक रात्र मुंबईच्या लॉजवर, हे धरून तुलना करा. फक्त स्वस्त विमानात मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे असतात, ते बुकिंग करतानाच भरा, काउंटरवर खूप लागतात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, पूर्ण नाव एकाच ओळीत आलंय. दुबईला चालेल का? (शिरपूर)

उत्तर : एकच शब्द असेल आणि आडनाव कोरं असेल तर टुरिस्ट व्हिसाला युएई २०२२ च्या नोव्हेंबरपासून नाही म्हणतं. सासूबाईंच्या त्या ओळीत दोन-तीन शब्द असले तरी व्हिसा आणि तिकीट दोन्हीकडं नाव वेगवेगळं फुटतं आणि डोक्याला ताप होतो. पासपोर्ट री-इश्यू करून आडनाव वेगळं करून घ्या, ३६ पानांचा साधा पासपोर्ट १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. आधार आणि बाकी कागदांवर आडनाव एकसारखं आहे ना ते आधी बघा, नाहीतर अपॉइंटमेंटहून परत पाठवतात. आणि नवीन पासपोर्ट हातात येईपर्यंत त्यांचं तिकीट काढू नका, नणंदेनं कितीही ऑफर दाखवली तरी.